रश गवताचा ब्रिजिडचा क्रूस कसा विणायचा

आयर्लंडच्या खेड्यांत 31 जानेवारीला, सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, रश नावाच्या पाणथळ गवताचा चार बाजूंचा क्रूस विणतात आणि दारावर किंवा छपराखाली लावतात. घराला आग लागू नये, घरात आजारपण येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. 1937 ते 1939 या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून लोककथा, चालीरीती आणि जुने कामधंदे लिहून घेतले. त्या वह्यांत या क्रूसाचाही उल्लेख येतो.

रशची काडी गोल, गुळगुळीत असते आणि आत पांढरा, स्पंजासारखा गर असतो. (हाच गर चरबीत बुडवून पूर्वी दिव्यासारखा जाळत.) रूढीप्रमाणे काड्या कापायच्या नाहीत, हाताने उपटायच्या. साधारण 40 सेंटिमीटरच्या, सारख्या जाडीच्या 29 काड्या घ्या आणि टोकाचा वाळका भाग छाटून टाका. काड्या ताज्याच हव्यात. सुकलेली काडी घडीवर तडकते. तशी असेल तर आधी पाण्यात भिजवून मऊ करून घ्या.

एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अडकवा. घडी डावीकडे, दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे. जोड चिमटीत घट्ट दाबून सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. आता ती मोकळी टोकं वर आली. तिसरी काडी दुमडून वर आलेल्या सगळ्या काड्यांवरून घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. खेचून आवळा, पाव वळसा फिरवा, पुढची घाला. एवढंच शेवटपर्यंत. प्रत्येक नवी घडी आधीच्या घडीला लगटून, तिच्या बाहेरच्या अंगाला बसली पाहिजे, वर चढता कामा नये. 28 घड्या झाल्या की प्रत्येक बाजूला 7 येतात आणि मधे चौकोनी वीण उमटते.

बिघडतं ते बहुतेक चिमटीत. पहिल्या चार घड्या एकमेकींना धरून ठेवेपर्यंत बोटं जरा जरी सैल झाली, तरी मधे भोक पडतं आणि बाजू तिरक्या होतात. ते नंतर ओढून सुधारत नाही, उसवून पुन्हा सुरुवात करणंच बरं. दुसरी चूक दिशेची: मधेच उलटं फिरवलं, तर शेवटची घडी पुढच्या काडीखाली दाबली जात नाही आणि निसटते.

शेवटची काडी घातल्यावर चारही बाजूंना रबर लावा, मग टोकं एका लांबीत कापा. रश वाळताना आकसतो, म्हणून सुतळी लगेच बांधली तर ढिली पडते. काही दिवस सावलीत वाळू द्या, मग रबर काढून सुतळी आवळून बांधा.

उत्तरेकडच्या भागांत तीन बाजूंचा क्रूसही करतात, तो गोठ्यात टांगायची रीत होती. त्यात उभी काडी नसते. पहिली काडी दुमडायची, दुसरी दुमडून तिच्यावर घालायची, तिसरी दुसरीवर घालून तिची टोकं पहिलीच्या घडीतून ओवायची आणि तिन्ही एकदम खेचायच्या.