स्टॉलवर झाडं ठेवताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या मेरी वेदर मैदानावर कृषी प्रदर्शन होतं. ठिबकच्या एका स्टॉलची सजावट आमच्याकडे होती. नळ्या खऱ्या, ड्रिपर खरे आणि त्यांच्या शेजारी उभा केलेला ऊस प्लॅस्टिकचा. पहिल्याच दिवशी एक आजोबा आले, उसाचं पान चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाले, "ह्येला पाणी कशाला पाजवालायस रं?" मागं उभी असलेली चार माणसं हसली. त्यानंतर मालक नळीबद्दल जे काही सांगत होता, ते कुणी गंभीरपणे ऐकलं नाही.

तेव्हापासून आमचा हिशेब साधा आहे. हात पोचतो तिथं खरं झाड, हात पोचत नाही तिथं खोटं. काउंटर, प्रवेश आणि बसायची जागा इथं खरी कुंडी. डोक्यावरची पट्टी, वरच्या वेली आणि मागची हिरवी भिंत खुशाल कृत्रिम करा. बहुतेक स्टॉलवर नेमकं उलटं दिसतं: काउंटरवर प्लॅस्टिकचा गुच्छ आणि मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशी खरी कुंडी.

झाड मोठं, स्टॉल लहान

नेहमीचा स्टॉल ३ बाय ३ मीटरचा, म्हणजे दर्शनी बाजू जेमतेम १० फूट. चांगल्या वाढलेल्या अरेका पामचा घेर अडीच-तीन फूट भरतो. दोन्ही बाजूंना एकेक ठेवला की पाच-सहा फूट तिथंच गेले, आणि वर चार फुटांचं टेबल. मग गिऱ्हाईक आत येणार कुठून? तोंडाशी उंच आणि सडपातळ झाड ठेवा. स्नेक प्लांट यासाठी उत्तम. अरेका मागच्या कोपऱ्यात शोभतो.

दुसऱ्या दिवशी पानं माना टाकतात

इथं सगळेजण एकच करतात, पाणी ओततात. पण पाणी जास्त झालं तरी झाड तसंच मान टाकतं. आधी मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या. ओलं लागलं तर कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी फेका आणि झाडाला सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून लांब सरकवा.

बेंजामिना फायकस टाळलेला बरा. जागा बदलली, उजेड बदलला की त्याची पानं झडायला लागतात. दर तासाला कार्पेट झाडत बसायला माणूस असेल तर आणा. स्नेक प्लांट आणि झीझी या दोघांना आदल्या दिवशी पाणी दिलं की चार-पाच दिवस बघावं लागत नाही, पाणी ते आपल्या अंगातच साठवून असतात. अरेकाची टोकं तपकिरी झाली तर कात्रीनं पानाच्या आकारात तिरपी कापा. सरळ कापलं की केस कापल्यासारखं दिसतं.

हिवाळ्यातल्या मैदानावर दुपारपर्यंत पानांवर धुळीचा थर बसतो. तो ओल्या फडक्यानं पुसा. चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल लावणारे आहेत. त्या तेलावर धूळ आणखी चिकटते आणि पानांची छिद्रंही बुजतात.

फाउंड्रीवाल्यांसाठी वेगळं

शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतली फाउंड्रीवाली मंडळी स्टॉलवर मशिनिंग केलेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घासलेला लोखंडी भाग मांडतात आणि शेजारी कुंडी ठेवतात. मग सकाळी कुणीतरी हौसेनं पानांवर फवारा मारतो. बिडाच्या उघड्या, घासलेल्या पृष्ठभागावर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसलेच म्हणून समजा. ज्या नगासाठी स्टॉल घेतला, तोच गंजलेला. कास्टिंगजवळ कृत्रिम झाड ठेवा, किंवा नगाला तेलाचा हात द्या आणि फवारा घरीच ठेवा.

पाण्याचा दुसरा धोका विजेचा. एक्स्टेंशन बोर्ड बहुधा जमिनीवर, कार्पेटच्या कडेलाच असतो. ताटलीशिवाय एकही कुंडी नको, आणि बोर्ड जमिनीपासून वर बांधून घ्या.

खोटं झाड खोटंच का दिसतं

बहुतेक वेळा दोष झाडाचा नसतो, ते खोक्यातून काढून तसंच उभं केलेलं असतं. फांद्यांत तार असते. एकेक फांदी वाकवा, काही खाली, काही बाजूला. पानांवर घडीच्या रेषा असतील तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या, जवळ धरला तर पान आखडतं. एकाच हिरव्या रंगाची पानं घेऊ नका. दोन-तीन छटा आणि एखादं पिवळसर पान असलेलं झाड घ्या. बुंध्याशी खरी माती किंवा गोटे टाका. आणि किमतीचं लेबल काढा. हसू नका, दर प्रदर्शनात एक तरी दिसतंच.

हिरव्या भिंतीचे तुकडे स्टॉलच्या भिंतींच्या पाट्यांना (पॅनेलना) खिळ्यानं ठोकू नका. भोक पडलं की भरपाई तुमच्याच माथी. ॲल्युमिनियमच्या पट्टीला हुक अडकवून टांगा. खऱ्या कुंड्यांची भिंत तर या पाट्यांवर नकोच, ओल्या मातीचं वजन त्यांना पेलत नाही. कृत्रिम पानं तापणाऱ्या हॅलोजन दिव्यांपासून लांब हवीत. विकत घेताना आग लवकर न धरणारा माल मागा, त्याचा कागद मागा, आणि एक पान मैदानाबाहेर नेऊन स्वतः पेटवून बघा. जळत थेंब गाळणारं असेल तर परत करा.

केळीचे खांब आणि ऊस

आपल्याकडे उद्घाटनाला हे दोन्ही लागतातच. केळीच्या खांबाचा चीक पांढऱ्या शर्टाला लागला की धुऊनही जात नाही, म्हणून कापलेला भाग ओल्या पोत्यात गुंडाळून वर फडकं बांधा. तोडलेल्या उसाची पानं दिवसभरात वळतात आणि कापलेल्या टोकाला माश्या येतात. रोज सकाळी नवी मोळी येणार असेल तरच ऊस उभा करा. शेताच्या इतक्या जवळ राहून ते अवघड नाही.

कुंड्या नर्सरीतून भाड्यानं आणल्या असतील तर शेवटच्या संध्याकाळी मोजून घ्या. त्या गडबडीत 'एक न्हेऊ काय?' विचारणारे असतात, न विचारणारेही असतात. आम्ही एकदा चौदा नेल्या होत्या, टेम्पोत पंधरा भरल्या. पंधरावी शेजारच्या स्टॉलची निघाली. उतरवताना हलकी लागली, तेव्हा कुठं कळलं की प्लॅस्टिकची आहे.