नगरपरिषद हद्दीत घराची बांधकाम परवानगी काढताना

नगरपरिषदेच्या हद्दीत स्वतःचे घर बांधायचे असेल, तर नकाशा काढून घेण्याआधी जमिनीचे कागद तपासावेत. कारण प्रकरणे बहुधा नकाशातील चुकीपेक्षा मालकी आणि हद्दीच्या घोळामुळे अडतात. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका अद्ययावत असावी, तिच्यावर मयत आजोबांचे नाव तसेच राहिले असेल तर वारसनोंद आधी करून घ्यावी, आणि सहहिस्सेदार असल्यास त्यांची संमती लेखी घ्यावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे खर्चिक आणि वेळखाऊ वाटते, परंतु खरेदीखतातील क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक निघाला, तर सामासिक अंतरे (घराभोवती मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून होणारे बांधकाम) आणि पर्यायाने संपूर्ण नकाशाच बदलतो. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेल्यांपैकी असेल, तर नियमितीकरणाचा दाखला आधी मिळवावा. विकास योजनेत त्या जागेवर रस्त्याचे किंवा अन्य आरक्षण आहे का, हे झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा दाखला) आणि भाग नकाशा (विकास योजनेतील त्या भागाचा नकाशा) यांवरून पाहावे. हे काम खरे तर प्लॉट घेण्यापूर्वीच व्हायला हवे.

त्यानंतर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नेमावा. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू असून तिच्यात लहान भूखंडांना मोठी सवलत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा, आवश्यक कागद आणि शुल्क सादर केल्याची पोचच परवानगी म्हणून चालते, तर 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत अनेक मालकांना ठाऊक नसते, म्हणून तज्ज्ञाला ती आवर्जून विचारावी.

मोठ्या भूखंडाचा अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली जातो. साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मानीव ठरते, म्हणजे मिळाली असे धरले जाते, परंतु नकाशा नियमांत बसत असेल तरच. शिवाय कार्यालयाने त्रुटी कळवून खुलासा मागवला असेल, तर साठ दिवस त्या खुलाशाच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून त्रुटीपत्राला तुकड्यातुकड्यांनी नव्हे, एकाच पत्राने पूर्ण उत्तर द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. विकास शुल्काची मागणी लेखी घ्यावी आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

परवानगी एक वर्ष टिकते आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास वाढवून मिळू शकते. जोत्यापर्यंत (पायाच्या वरच्या पातळीपर्यंत) काम आल्यावर जोते तपासणी करून घ्यावी, कारण भिंत हद्दीबाहेर सरकली असेल तर ती याच टप्प्यावर स्वस्तात सुधारता येते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे घर राहण्यास वापरण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करावा. गावाकडे घर पूर्ण होताच वास्तुशांत उरकून राहायला जाण्याची पद्धत आहे आणि हा कागद मागे पडतो. मग पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना बँकेचा वकील नेमका तोच मागतो.