बॅरल कॅक्टसची कुंडी बदलताना काटे टोचू नयेत म्हणून

बॅरल कॅक्टसचे काटे जाड हातमोज्यांतूनही आत घुसतात, शिवाय गोल झाड धरायला कुठे पकडच मिळत नाही. वर्तमानपत्राचा पट्टा वापरा.

१. आधी आठवडाभर पाणी बंद. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते.

२. चार-पाच पानं एकत्र धरून लांबट घड्या घाला. पट्टा तीन-चार बोटं रुंद हवा. तो झाडाच्या मध्यावर गुंडाळून दोन्ही टोकं चिमटीत धरली की झाली मूठ. टॉवेल मात्र नको, काटे धाग्यांत अडकून तुटतात आणि ते पुन्हा येत नाहीत.

३. कुंडी आडवी करून कडेने थोपटा, झाड पट्ट्याने बाहेर काढा.

४. नवी कुंडी जुनीपेक्षा २-३ सेंमीच रुंद, तळाला भोक असलेली. फार मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते. मिश्रण निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे, हलके दाणे). झाड पूर्वीइतकंच खोल लावा.

लगेच पाणी घालू नका. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला आठवडाभर लागतो; त्याआधी ओल मिळाली तर कूज खालून वर चढते आणि बाहेर दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.