चेहऱ्याचा रंग इंग्रजीत कसा सांगायचा

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून लागले, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रपाळी संपवून निघत होते, तेवढ्यात खाटेवरच्या आजीबाई म्हणाल्या, "यू लुक अ बिट पीकी, लव्ह." पीक म्हणजे शिखर, एवढंच मला ठाऊक. काहीतरी छानच म्हणाल्या असतील, म्हणून मी 'थँक यू' म्हटलं. त्या हसत सुटल्या. पीकी म्हणजे फिकुटलेली, बरं नसल्यासारखी दिसणारी.

तेव्हापासून हे वाक्प्रचार कानाने टिपत आलेय. त्यातला कुठला वापरायचा हे ठरवताना आधी कारण बघा, रंग नंतर. माणूस घाबरलाय, त्याला मळमळतंय, की तो नुसताच गळून गेलाय?

घाबरला असेल तर 'ही वेंट व्हाइट ॲज अ शीट'. ही शीट कागदाची नव्हे, पलंगावरच्या चादरीची. क्रियापद 'गो' किंवा 'टर्न' घ्या. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा पांढराफटक पडतो. आता आपल्यासारख्या सावळ्या माणसाची चादर कशी होणार? फिकेपणा आम्ही ओठांवर, पापणीच्या आत, तळहातावर बघतो. त्यामुळे लिहिताना मी 'द कलर ड्रेन्ड फ्रॉम हर फेस' पसंत करते, ते कुठल्याही कातडीला चालतं.

'यू लुक लाइक यू हॅव सीन अ घोस्ट' तर आपलंच भूत पाहिल्यासारखं, बेधडक वापरा. पण 'डोळे पांढरे झाले' याचं शब्दशः इंग्रजी करू नका, ऐकणारा खरंच डॉक्टरला हाक मारेल. धक्क्याने जागीच थिजलेल्या माणसाला ब्रिटिश लोक 'रॅबिट इन द हेडलाइट्स' म्हणतात, अमेरिकन लोक सशाच्या जागी हरीण घालतात. गाडीचा झोत डोळ्यांवर आला की ही जनावरं पळायचं सोडून तिथेच उभी राहतात, म्हणून.

मळमळीसाठी 'ग्रीन अराउंड द गिल्स'. गिल्स म्हणजे माशाचे कल्ले, माणसाच्या बाबतीत जबड्याखालचा भाग. बोट लागलेला प्रवासी, रात्री जास्त झालेला पाहुणा, पहिल्यांदा ऑपरेशन बघणारी विद्यार्थिनी, सगळ्यांना बसतो. 'ग्रीन विथ एन्व्ही' मात्र मत्सर, तिथे उलटीचा काही संबंध नाही.

'लाइक डेथ वॉर्म्ड अप' माझा सगळ्यात लाडका. उरलेली भाजी गरम करावी तसं मरणच गरम करून वाढलंय! (अमेरिकेत 'वॉर्म्ड ओव्हर'.) आपण 'मढ्यासारखा दिसतोस' म्हणतो, तीच धार. स्वतःबद्दल म्हणा, जिवलग मैत्रिणीला म्हणा. पेशंटला किंवा साहेबाला कधीच नाही. तिथे 'अ बिट अंडर द वेदर' पुरे. 'ऑफ कलर'ही ब्रिटनमध्ये चालतं, पण अमेरिकेत त्याचा अर्थ चावट असा होतो, विनोदाबद्दल बोलल्यासारखा.

दोन रंगांना जपून. 'पिवळी पडलीय' म्हणताना आपल्या मनात अशक्तपणा असतो, इंग्रजीत 'यलो' म्हणजे भित्रा. 'ब्लू' झालेला माणूस उदास असेल किंवा खरोखर निळा पडलेला. दुसऱ्या प्रकारात वाक्प्रचार शोधत बसू नका, ऑक्सिजन बघा.

आणि हे सगळं बोलण्यासाठी. मी एकदा मोठ्या उत्साहाने पेशंटच्या नोंदीत 'ग्रीन अराउंड द गिल्स' लिहिलं होतं. सिस्टरने, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख नर्सने, ते वाचलं, पेन माझ्या हातात ठेवलं आणि शेजारी उभं राहून माझ्याकडूनच लिहून घेतलं: पेल, क्लॅमी (घामाने गार, चिकट), व्हॉमिटेड ट्वाइस, आणि पुढे वेळ.