पो नदीचा नकाशा हाताने कसा काढावा

इटलीच्या पो नदीचा मार्ग डोक्यात पक्का बसवायचा तर तो एकदा मापात काढून पाहावा. आडवा ए-४ कागद, पट्टी आणि पेन्सिल पुरे.

प्रमाण १ सेंमीला २० किमी घ्या. कागदाच्या मधोमध आडवी रेघ मारा. हे ४५° उत्तर अक्षवृत्त. त्यावर ७° ते १३° पूर्व रेखावृत्तांच्या खुणा ४-४ सेंमीवर करा. इथे रेखांशाचा एक अंश सुमारे ७९ किमी भरतो, १११ नव्हे. हे विसरले की नकाशा आडवा ताणला जातो.

आता ७°च्या खुणेपासून मोजत बिंदू टाका. मोंव्हिसोच्या पायथ्याचा उगम (उंची सुमारे २०२० मीटर) ०.४ सेंमीवर, रेघेच्या १.६ सेंमी खाली. तुरीन २.८ वर, रेघेच्या किंचित वर. किवास्सो ३.६ वर, रेघेच्या १ सेंमी वर. तानारोचा संगम ७.१ वर, थेट रेघेवर. तिचीनोचा संगम ९ वर, रेघेच्या ०.८ सेंमी वर. पियाचेंझा १०.८, क्रेमोना १२.१, दोन्ही रेघेच्या वर. फेराराजवळ, १८.४ वर, नदी ०.६ खाली उतरते. मुख २२.२ वर, पुन्हा जवळजवळ रेघेवर.

तुरीन ते तानारो सरळ जोडू नका. मोनफेर्रातोच्या टेकड्यांमुळे नदीला उत्तरेकडून वळसा घ्यावा लागतो. नदीची लांबी ६५२ किमी, पण तुमची रेघ ३२.६ सेंमी भरणार नाही. लहान वळणे या प्रमाणात मावत नाहीत.

उपनद्यांत खरी गंमत आहे. डावीकडच्या आल्प्समधून येतात. तिचीनो माज्जोरे सरोवरातून, आद्दा कोमोतून, मिंचो गार्दातून निघते. सरोवरे त्यांचे पूर थोपवतात. उजवीकडच्या त्रेब्बिया, तारो, सेक्किया आपेनाइन पर्वतातल्या. पावसात फुगतात, उन्हाळ्यात आटतात. त्या पातळ काढा.

सर्वात जास्त चूक आदिजे नदीची होते. ती गार्दाच्या पूर्वेला, मिंचोच्या शेजारून खाली येते म्हणून लोक तिला पोला जोडतात. ती स्वतंत्रपणे समुद्राला मिळते. मिलानही पोच्या काठी नाही. ते रेघेच्या २.५ सेंमी वर येते.

शेवटच्या २ सेंमीत उत्तरेकडून दक्षिणेकडे माइस्त्रा, पिला, तोल्ले, न्योक्का, गोरो हे फाटे काढा आणि किनारा समुद्रात पुढे आलेला दाखवा. गाळाने आपले खारकच्छ (किनाऱ्यालगतचे उथळ खारे पाणी) भरू नये म्हणून व्हेनिसने १६०४ मध्ये पोर्तो व्हिरोजवळ प्रवाह कापून दक्षिणेकडे वळवला. आजचा त्रिभुज प्रदेश त्यानंतर साठलेल्या गाळाचा आहे.