१५ सेंटिमीटरची फ्रिगेट: कोऱ्या प्लॅस्टिकमधून शिडाची युद्धनौका घडवताना

शिडाच्या युद्धनौकेचं छोटं मॉडेल किटशिवाय, कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून करायचं ठरवलंत, तर आधी जहाज कोणतं ते ठरवा. आपल्याकडे या छंदात येणाऱ्या बहुतेकांच्या मनात गुराब, म्हणजे मराठा आरमारातली शिडाची युद्धनौका, असते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं आकर्षण मलाही आहे, पण पहिल्या कामासाठी मी गुराब सुचवत नाही. तिची चित्रं आहेत, वर्णनं आहेत. पण बाजू कुठे किती वळते हे सांगणारा गोदीतला मोजमापाचा आराखडा हाती नसला की दर पावलाला अंदाज करावा लागतो. नवख्याने आधी दिलेला आकार बरहुकूम उतरवायला शिकावं. अंदाज बांधायची ताकद त्यातूनच येते.

मी सुचवते ती एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ही ब्रिटिश फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडमध्ये ओक अपुरा पडू लागला म्हणून काम मुंबईकडे आलं, आणि जहाज तयार होईपर्यंत युद्ध संपूनही गेलं होतं. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेली आहे. तिचा आकार लेडा वर्गाचा, म्हणजे मुळात ब्रिटिशांनी पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. याच वर्गातली युनिकॉर्न स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश नौदलाचे जुने आराखडे आहेत आणि हार्टलपूलचे फोटो तर हवे तितके मिळतात. पहिल्या कामाला एवढा पुरावा असलेलं जहाज क्वचित सापडतं. शिवाय ते आपल्या मुंबईत घडलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

फोटो वापरताना मात्र एक काळजी घ्या. १८४० च्या दशकात ट्रिंकोमालीचं रूप बदललं: तोफा कमी पण जास्त ताकदीच्या झाल्या आणि पिछाडीचा आकारही नव्याने घडवला गेला. म्हणजे आजच्या फोटोतली पिछाडी आणि १८१७ च्या आराखड्यातली पिछाडी जुळणार नाही. कोणत्या सालचं जहाज करायचं हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक संदर्भ त्या सालाशी ताडून बघा.

आता माप. तोफांच्या डेकवर जहाजाची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. १:३०० या प्रमाणात ती साधारण १५.३ सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर होते. तळहातावर मावते, आणि तपशील डोळ्यांना दिसतो. नौदलाचे आराखडे बहुधा १:४८ मध्ये काढलेले असतात. मूळ आकाराची प्रत हाती असेल तर ती १६ टक्क्यांवर छापायची. प्रिंटर गुपचूप ‘फिट टू पेज’ करतो, म्हणून छापलेल्या कागदावरची मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने तपासल्याशिवाय कात्री लावू नका.

यानंतर शीटला हात लावायची घाई होते. ती आवरा, कारण या कामातलं खरं शिक्षण आराखडा वाचण्यात आहे. आराखड्यात तीन दृश्यं असतात: बाजूने, वरून आणि आडवे छेद. वरून दिसणारा आकार अर्धाच काढलेला असतो, कारण दुसरा अर्धा त्याचंच प्रतिबिंब. आडव्या छेदांच्या चित्रात उजवीकडे नाळेकडचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचे, आणि डावीकडे पिछाडीकडचे छेद एकावर एक काढलेले दिसतात. हे चित्र सुरुवातीला गुंता वाटतं. त्यातला एकेक छेद वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढून क्रमाने मांडा. जहाजाची बाजू पाण्याजवळ कशी फुगते आणि वर जाताना पुन्हा आत कशी झुकते, हे हाताला कळायला लागतं. आत झुकणारी ही बाजू हुकली तर तुमच्या फ्रिगेटचा मालवाहू पडाव होतो. मग तोफा कितीही सुबक बसवल्या तरी उपयोग नाही.

या आराखड्यातल्या रेषा बाहेरच्या फळ्यांच्या आतल्या अंगाच्या असतात. फळ्या तीन-चार इंच जाडीच्या, म्हणजे आपल्या प्रमाणात ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर. तेव्हा गाभा बरोबर रेषेवर घासायचा आणि त्यावर ०.२५ मिमीच्या शीटचं कातडं चढवायचं. मग रुंदी आपोआप जुळते.

सामानाबद्दल थोडक्यात. हवी ती पॉलिस्टायरीन (थोडक्यात स्टायरीन) शीट: ०.२५, ०.५ आणि १ मिमी. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, पण तिथे पहिल्यांदा सनबोर्ड पुढे करतात. तो फेसाळ पीव्हीसी असतो, कड धरत नाही, घेऊ नका. लाकूड का नको, तर या मापात लाकडाचे रेषे फळ्यांपेक्षा मोठे दिसतात. स्टायरीनला रेषेच नाहीत, आणि पातळ सॉल्व्हंट सिमेंट लावलं की दोन तुकडे वितळून एकजीव होतात. हे सिमेंट खिडकी उघडी ठेवूनच वापरायचं. कापताना सुरी आरपार घालायची नाही. हलक्या हाताने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि मोडायचं. गोलाईचा भाग थोडा बाहेरून कापून पॉलिश पेपरने रेषेपर्यंत आणायचा.

पहिल्या मॉडेलला पाण्याच्या रेषेच्या वरचाच भाग करा. १ मिमी शीटचे थर एकावर एक चिकटवून गाभा उभा राहतो. इथे सॉल्व्हंटचा एक गुण लक्षात ठेवायला हवा. मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये अडकलेलं सिमेंट बाहेर पडायला वाट शोधतं. ती मिळाली नाही तर आतलं प्लॅस्टिक मऊच राहतं आणि रंग देऊन झाल्यावर बाजू फुगते किंवा वाकते. म्हणून प्रत्येक थर चिकटवण्याआधी त्याच्या मधल्या भागात भरपूर भोकं पाडा, सिमेंट कडेकडेने लावा, आणि गाभा तयार झाला की आठवडाभर त्याला हात लावू नका. वाळलेला गाभा घासताना कडक कागदाचे उलटे साचे वापरायचे: प्रत्येक छेदाचा बाहेरचा आकार कापून ठेवायचा, तो बाजूला टेकवायचा आणि पलीकडे दिवा धरायचा. प्रकाशाची फट दिसते तिथे साचा टेकलेला नाही. टेकलाय तिथला उंचवटा घासायचा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का हे बघायला आरसा घ्या. नजरेला सवयीचा झालेला तिरकेपणा आरशात लगेच उघडा पडतो.

तोफांच्या खिडक्या कोरून काढू नका. मुख्य डेकवर अठरा पौंडी (अठरा पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या) २८ तोफा, म्हणजे एका बाजूला १४. एवढे चौकोन हाताने कोरले तर एकसारखे येत नाहीत. त्याऐवजी कातडं पट्ट्यांनी चढवा: खिडक्यांच्या खालची एक सलग पट्टी, मग खिडक्यांच्या उंचीचे छोटे तुकडे मध्ये सुमारे ३ मिमी जागा सोडून, आणि वर पुन्हा सलग पट्टी. सोडलेली जागा म्हणजे खिडकी. खिडकीचा खालचा आणि वरचा काठ डेकच्या वळणाबरोबर चालतो, पण उभ्या कडा पाण्याच्या रेषेशी काटकोनातच असतात. नाळेजवळ आणि पिछाडीला डेक वर चढतो तिथे खिडकी किंचित तिरपी चौकट होते. एवढ्याशा गोष्टीने जहाजाला जिवंतपणा येतो. खिडकीतून तोफेचं फक्त तोंड बाहेर येतं, म्हणून १ मिमीच्या प्लॅस्टिक रॉडचा छोटा तुकडा आणि त्याच्या टोकाला सुईने पाडलेला खळगा पुरतो.

लहान मापात काय करायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं अवघड असतं. डेकच्या फळ्यांच्या सांधी बघा. स्टायरीनवर सुरीने ओढलेली बारीकातली बारीक रेघ साधारण ०.१ मिमीची असते. १:३०० मध्ये तिचे ३ सेंटिमीटर होतात, आणि एवढी फट असलेल्या डेकवरून पाणी थेट खाली गेलं असतं. मी सांधी कोरत नाही. डेकला फिका मातकट रंग देते आणि टोकदार रंगीत पेन्सिलींनी काही फळ्या किंचित गडद, काही फिक्या करते. हातभर अंतरावरून डेक फळ्यांचाच वाटतो. नाळेवरच्या पगडीधारी पुतळ्याचंही तसंच: नाकडोळे काढत बसू नका, पगडीचा घेर आणि खांद्यांचा उतार बरोबर आला की तो ओळखू येतो.

रंगात शुद्ध काळा टाळा. एवढ्याशा वस्तूवर तो भोकासारखा दिसतो. त्यात थोडा राखाडी मिसळा. हार्टलपूलचं जहाज काळं आहे, तोफांच्या रांगेवर पांढरा पट्टा आहे.

डोलकाठ्यांना प्लॅस्टिकचा आग्रह सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्य डोलकाठी खाली सुमारे २ मिमी जाड येते. स्टायरीनची काठी दोर ताणले की हमखास वाकते. पितळी तार ड्रिलमध्ये धरून फिरवायची आणि कानस लावून वरच्या टोकाकडे निमुळती करायची. यार्ड, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, मात्र प्लॅस्टिकच्या चालतात.

दोरखंडांकडे आल्यावर पुस्तकातली मापं डोळे झाकून घेऊ नका. ब्रिटिश नौदलात दोराचं माप परिघात सांगत, जाडीत नाही. ९ इंची दोर म्हणजे जाडी जेमतेम ७ सेंटिमीटर. आपल्या प्रमाणात ०.२४ मिमी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या जाड दोरांना मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली ३४ गेजची तांब्याची तार बरोबर बसते. त्या दोरांवर चढायला बांधलेल्या शिडीच्या पायऱ्या याहून पुष्कळ बारीक, खरं तर केसापेक्षाही बारीक यायला हव्यात. तिथे मिळेल ती सर्वात बारीक तार घ्या, ४६ गेज साधारण ०.०६ मिमी असते, आणि तीही विरळ लावा. सुती दोरा वापरू नका. पावसाळी दमट हवेत त्याचा ताण बदलतो, शिवाय त्याची लव फोटोत दिसते.

मोकळ्या दोरांसाठी कुठल्याही जुन्या प्लॅस्टिक किटची चौकट, म्हणजे सुटे भाग जिला जोडून येतात ती, तिचे तुकडे जपून ठेवा. तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, गोल फिरवत गरम करा. मधला भाग चकाकून मऊ झाला की ज्योतीपासून दूर घ्या आणि दोन्ही टोकं ओढा. सावकाश ओढलं तर जाड धागा, झटकन ओढलं तर बारीक. हा धागा जागेवर चिकटवल्यावर जरा सैल राहिला तरी हरकत नाही. पेटती अगरबत्ती त्याच्याजवळ, न टेकवता, क्षणभर न्यायची. धागा आखडतो आणि डोळ्यांदेखत ताठ होतो. अगरबत्ती जवळ गेली तर तुटतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

दोर लावण्याचा क्रम आतून बाहेर आणि खालून वर. आधी डोलकाठ्यांना धरणारे दोर, नंतर यार्ड, शेवटी यार्डांचे दोर. नाळेकडे ताणलेला प्रत्येक दोर डोलकाठी पुढे ओढतो, म्हणून तो लावला की डोलकाठी सरळ आहे ना ते बाजूने पाहा आणि मगच पुढचा घ्या. पहिल्या मॉडेलवर शिडं गुंडाळलेली ठेवा: ओल्या टिश्यू पेपरच्या बारीक वळकट्या, पातळ फेव्हिकॉलने यार्डवर बसवलेल्या. फुगलेली शिडं लावली तर सगळे यार्ड वाऱ्याच्या एकाच दिशेला तिरपे करावे लागतात आणि त्यांचे दोरही तसेच बदलावे लागतात. ते दुसऱ्या जहाजासाठी राखून ठेवा. दुसरं जहाज म्हणून मी एचएमएस कॉर्नवॉलिस सांगेन. १८१३ मध्ये मुंबईतच बांधलेली ७४ तोफांची, दोन तोफ-डेकची ही नौका. १८४२ चा नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. दोन डेक आले की खिडक्यांच्या दोन रांगा एकमेकींशी जुळवाव्या लागतात, आणि पट्ट्यांची पद्धत तिथे खरी उपयोगी पडते.

मॉडेलवर अॅक्रिलिकची पेटी हवीच, कारण या दोरांवरची धूळ ब्रशने काढता येत नाही. पेटीचे सांधे चिकटवल्यावर ती आठवडाभर उघडी ठेवा, सॉल्व्हंटचा वास पूर्ण गेला की मगच जहाज आत ठेवा.