आहार, श्वास, ध्यान, व्यायाम सगळं एकत्र करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चारही गोष्टी एकदम सोमवारपासून सुरू करायच्या. पहाटेचा अलार्म, जेवण निम्म्यावर, व्यायाम डबल, वरून प्राणायाम आणि ध्यान, आणि पंधरा दिवसांत माणूस इतका गळून जातो की चारही बंद. आणि नाव कुणाचं खराब होतं तर ध्यानाचं, की बाबा माझं मनच लागत नाही. अहो लागेल कसं, पोटात काही नाही! व्यायाम वाढवताना खाणं एकदम कमी केलं की चिडचिड होते, झोप बिघडते, अंगदुखी लवकर जात नाही. त्यामुळे आधी फक्त चालणं आणि वेळेवर जेवण एवढं बसवा, ते अंगवळणी पडलं की बाकीचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगते, पण तिथपर्यंत पहिल्याच आठवड्यात पोचायचं असं कुणी म्हटलेलं नाही.

दुसरं म्हणजे क्रम. पोटभर जेवून लगेच जोराचा व्यायाम केला तर मळमळणारच, कारण तेव्हा रक्त पचनाकडे जास्त वळलेलं असतं आणि स्नायूही तेच मागतात. मोठं जेवण झालं असेल तर २-३ तास जाऊ द्या. जेवून लगेच ध्यानाला बसलात तर डुलकी लागते, ती समाधी नव्हे. आणि धावून आल्या आल्या डोळे मिटून बसणं पण चूकच, छाती धडधडतेय, घाम गळतोय, आणि आपण विचार थांबवायला बघतोय! पाच-दहा मिनिटं हळू चाला, मग सावकाश श्वास, मग ध्यान, आणि मग खाणं. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर आधी थोडं काहीतरी खाऊन घ्या. डायबेटीससाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर मात्र उपाशीपोटी व्यायामाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

श्वासाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ असतो. जोरजोरात श्वास घेतला की जास्त ऑक्सिजन मिळतो असं वाटतं, पण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. भराभर श्वासाने कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. काहींना वाटतं ऊर्जा जागी झाली 😄 नाही हो, थांबा आणि नॉर्मल श्वास घ्या. असे भराभर श्वास घेऊन पाण्यात डुबकी तर कधीच मारू नका, श्वास घ्यायची इच्छा व्हायच्या आधीच शुद्ध जाऊ शकते. शांत व्हायचं असेल तर उलट करा, श्वास हळू घ्या आणि सोडताना जास्त वेळ लावा, सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात. बीपी जास्त असेल, हर्निया असेल किंवा गरोदर असाल तर कपालभातीसारखे जोराचे प्रकार करू नका. वजन उचलताना श्वास कोंडून धरायची सवयही सोडा, बीपी एकदम वर जातं, उचलताना श्वास सोडायचा.

ध्यानात विचार आले म्हणजे जमलं नाही, असं काही नसतं. लक्ष गेलं, परत आणलं, झालं. फक्त झोपेतला तास कापून ध्यान करू नका, मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते, ती कमी पडली की दिवसभर भूकही जास्त लागते. संध्याकाळी उशिरा कॉफी पिऊन रात्री ध्यानाने झोप आणायचा प्रयत्नही बऱ्याच जणांचा असतो, कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास जातात, तेव्हा कॉफी दुपारीच संपवा.

छातीत दुखलं, धाप कमीच होईना किंवा भोवळ आली तर क्रम बदलून बघत बसू नका, सगळं थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. आणि अजिबातच वेळ नसेल त्या दिवशी दहा मिनिटं भरभर चालणं आणि पाच मिनिटं सावकाश श्वास, एवढं पुरे.